सूपभर जोंधळ्याची नोंद

माघ सरत आला होता आणि वाऱ्याला काही धरबंद राहिला नव्हता. पहाटे हुडहुडी, नऊला चटका देणारं ऊन, आणि मधूनच रस्त्यावरचा फुफाटा उचलून थेट दारात आणून टाकणारी वावटळ. रेश्मानं ओट्यावर पोतं अंथरलं, नवी ज्वारी ओतली आणि सूप हातात घेतलं. दहाला लाईट जायची. त्याआधी दळण गिरणीवर पोचलं नाही, तर रात्री भाताची खिचडी ठरलेली.

पण हात चालेना. दोन वेळा सूप पाखडलं की ती उठायची, आत जायची, टेबलावरच्या झेरॉक्सकडं बघायची, पुन्हा बाहेर यायची. एकदा तर पाण्याचा तांब्या आणायला गेली आणि चष्मा घेऊन आली.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तिचे वडील, अमृत, ऊन खात बसले होते. वय शहात्तर. शेवगावच्या बाजार समितीत हमाली केलेला माणूस, पाठ अजून सरळ.

"रेश्मे, तुला मुंग्या लागल्यात का? एका जागी बस की."

"बसलेय न्हवं."

"धा येळा उठलीस. मी मोजतोय."

शेवगावपासून आठ कोसांवरचं हे गाव. नवरा महेंद्र साखर कारखान्यावर, गळिताच्या हंगामात महिन्यातून एकदा घरी यायचा, म्हणून ती या दिवसांत वडिलांकडं राहायची. इतिहासात बी.ए. झाली, नोकरी लागली नाही. मग नगरला दहा दिवसांचा मोडीचा वर्ग निघाला तेव्हा रोज सकाळची पहिली एस.टी. पकडून गेली. वर्गात चाळीसजण होते. शेवटच्या दिवशी एकोणीस उरले, आणि कागद हातात घेऊन न अडखळता वाचणारी ही एकटी. तेव्हापासून चार तालुक्यांतली माणसं जुने कागद घेऊन तिच्या दारात यायची. कुणाचं खरेदीखत, कुणाचं वाटणीपत्र. अलीकडं बहुतेकांचं एकच काम: कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची जुनी सरकारी वही. तिच्यात पणजोबाच्या नावापुढं 'कुणबी' सापडलं की पोरांना दाखला मिळायचा.

श्रीमंत त्याच कामासाठी आला होता. गावातलाच, वरच्या आळीचा, पंचावन्नचा शेतकरी. पोरीला, सायलीला, दाखला हवा होता. त्याचा आजा रंभाजी मोठ्या तापाच्या साथीत जन्मला एवढंच घरात ठाऊक होतं. म्हणून त्यानं ऑक्टोबर एकोणीसशे अठराची सगळी पानं झेरॉक्स करून आणली. चार दिवस झाले. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा रेश्मा म्हणाली, "दादा, अक्षर लई पुसट हाय."

अक्षर पुसट नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं सगळा महिना वाचून काढला होता.

काय महिना होता. दीडशे उंबऱ्यांचं गाव आणि एकेचाळीस मौती. पाऊस आधीच दगा देऊन गेलेला, त्यात ताप. लिहिणारा कोण होता देव जाणे, पण शेऱ्याच्या रकान्यात त्याला राहवत नसावं. 'घरात पाणी देणेस माणूस नाही.' 'प्रेतास चौघे मिळाले नाहीत, बैलगाडीने नेले.' 'कुंभाराची भट्टी बंद, मडके शेजारगावाहून.' पानामागून पान नुसतं मयत, मयत, मयत. आणि त्या सगळ्यात जन्म तीनच. एक लोहाराची मुलगी, ती आठव्या दिवशी गेली. आणि दोन मुलगे.

ते दोन मुलगे एकाच घरातले होते. आठ तारखेला एक, सतरा तारखेला दुसरा. दोन्हींपुढं आई एकच: साळी कोम धोंडी, म्हणजे धोंडीची बायको, महार.

नऊ दिवसांत एका बाईला दोन पोरं होतील कशी, म्हणून तिनं ती ओळ तीनदा वाचली. साळी म्हणजे तिची स्वतःची पणजी, साळूबाई. आठ तारखेचा मुलगा म्हणजे तिचा आजा छगन. मग सतराचा कोण? शेरा वाचला आणि ती खुर्चीतून उठली, अंगणात जाऊन उभी राहिली. चार दिवस झाले, तिला धड बसता येत नव्हतं.

तिनं सूप खाली ठेवलं. आतून कागद आणला.

"आण्णा, एक वाचून दावते. मधी बोलायचं न्हाई."

"मी कवा बोलतो?"

ती बोट ठेवून सावकाश वाचत गेली. "'मूल गणू वल्द सटवा कुणबी याचे. बाळंतीण तिसरे दिवशी तापाने मयत. आधीची तीन मुले जगली नाहीत, सबब मूल पाचवे दिवशी साळी महारीण हिस सूपभर जोंधळ्यावर विकले. मूल तिचे अंगावर पीत आहे. दर साल दिवाळीस सूपभर जोंधळे देण्याचे कबूल.'"

पोरं जगत नसली की नवं पोर दुसऱ्याला विकायचं, म्हणजे सटवीला वाटतं हे त्या घरचं नाहीच, ही रीत अमृतला ठाऊक होती. पण वहीत लिहिणाऱ्यानंही ती विक्री खरी धरली आणि पोर विकत घेणारीच्या नावावर चढवलं, हे नवीन होतं.

अमृत बराच वेळ गुडघ्यावरची धूळ झटकत राहिले. धूळ नव्हतीच.

"रंभाजी?" त्यांनी विचारलं.

"व्हय. आजोबा अन् त्यो, दोघं एकाच अंगावर पिलेले."

स्वतःच्या घरातली एक गोष्ट रेश्मा लहानपणापासून ऐकत आली होती. वरच्या आळीचा रंभाजी दर दिवाळीला सूपभर ज्वारी घेऊन यायचा. धम्म घेतल्यावरच्या पहिल्या दिवाळीला छगननं त्याला उंबऱ्यातून परत पाठवलं. आता बलुतं नको, उष्टं नको, दिवाळीचं वाढप नको. अमृत तेव्हा सात वर्षांचे होते. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चढायचा, आणि रेश्मानं ती शाळेत, कॉलेजात, लग्नाच्या बोलणीत अभिमानानं सांगितली होती.

"माझा बाप चुकला न्हवता," अमृत म्हणाले.

"मी कुटं म्हनते चुकले?"

"सगळ्या गावाचं परत केलं त्यानं. एकट्याचं न्हाई. आमी उपाशी ऱ्हायलो त्या साली, पर हात पसरला न्हाई."

"ठाव हाय, आण्णा."

"मग हे वाचून का दावतीस?"

 वाऱ्यानं कागद फडफडला, तिनं त्यावर हात दाबला.

अमृतच पुन्हा बोलले, हळू. "बाकीची मानसं गड्याच्या हातनं धाडायची. ह्यो सोता यायचा. डोक्यावर सूप घिऊन, बाजारादिवशी सगळ्यांच्या देखत. बाप न्हाई म्हनला तवा कायच बोलला न्हाई. उलटा फिरला. वारं असंच हुतं, दानं उडत हुतं मागं. आमी पोरं हासलो." त्यांनी नजर सुपाकडं वळवली. "साळू आजी आत हुती. ती बाहीर आली न्हाई. आमाला वाटलं, लेकाचं पटलंय तिला."

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. श्रीमंत. डोक्याला उपरणं, खिशात फॉर्म, चेहऱ्यावर चार दिवसांचा वैताग.

"ताई, आज बारा वाजंपर्यंत कागद द्यायचेत तालुक्याला. पुसट असंल तर तसं सांगा, मी नगरला दुसरा मानूस बघतो. पर मला लोंबकळत ठिवू नका."

"पुसट न्हाई," रेश्मा म्हणाली. "मी खोटं बोलले. बसा."

तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं ऐकलं. ती ओळ तिनं पुन्हा वाचली, तशीच, एकही शब्द न गाळता. 'अंगावर पीत आहे'ला श्रीमंतनं उपरणं सोडलं आणि पुन्हा बांधलं.

"हे... शेरा म्हंजे लिवलाच पायजे असं काय न्हाई न्हवं? निस्तं गणूचा मुलगा, कुणबी, एवढं उतरवा की."

"वरच्या रकान्यात गणू न्हाईच. आई साळी, जात महार. गणूचं नाव निस्तं शेऱ्यात हाय. शेरा गाळला तर तुमचा आजा माझ्या पणजीचा ल्योक ठरतो."

"मग सायलीला आमच्यातला दाखला काढ," अमृत म्हणाले. "शिफारस मी करतो."

श्रीमंतला हसावं की चिडावं कळेना. "नाना, चेष्टेची येळ न्हाई. तिथं चार मानसं वाचत्याल हे. गावात येतंय मग."

"येऊ दे की," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा कडक निघाला. "एक बाई सोताचं तेरा दिवसांचं पोर मांडीवर असताना दुसरं घेती. गावात एकेचाळीस मेलेली. तुमाला त्यात लाजंचं काय दिसतंय, ते सांगा. मी सही करते ती सगळ्या वळीखाली. अर्ध्या वळीखाली करत न्हाई."

वावटळ आली, पोत्याची कड उलटली, थोडी ज्वारी मातीत गेली. कुणीच उठलं नाही.

"आमच्यात सांगत्यात," श्रीमंत शेवटी म्हणाला, "तुमी आमचं धान्य उकिरड्यावर फेकलं."

"फेकलं न्हाई. परत दिलं," अमृत म्हणाले.

"असंल. आज्यानं कवा सांगितलंच न्हाई ते काय हुतं. घरात सगळे म्हनायचे, बलुतं. बलुतंच म्हनायचं, असं ठरलेलंच जनू. पर म्हातारा मरंपर्यंत दर दिवाळीला सूप भरायचा. सांजपातूर पडवीत ठिवायचा. मंग चिमण्यांना टाकायचा. आमी म्हनायचो, चळलंय." त्यानं नाक पुसलं. "माझी आई तर ते सूप लपवायची."

अमृतनी त्याच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. जणू त्या चेहऱ्यात कुणाचं काय आलंय ते शोधत होते.

"तुमी बलुतं म्हनला नसता," ते म्हणाले, "तर माझ्या बापानं घेतलं असतं."

"मी कुटं हुतो तवा, नाना."

"मी हुतो की. हासत हुतो."

रेश्मा आत गेली. खुर्चीत बसली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा उठली नाही. लिप्यंतर स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिलं: तारीख, रकाने, शेरा, 'दर साल दिवाळीस'पर्यंत. खाली सही, शिक्का. मग दुसऱ्या कागदावर तेच पुन्हा लिहून काढलं. तो घरात ठेवायचा होता.

श्रीमंतनं कागद घेतला, एकदा वाचला, घडी न घालता फाईलीत ठेवला. गाडीवर बसला, किक मारली, पण गाडी सुरू होऊनही निघेना.

"नाना, दिवाळीला मी..."

"दिवाळी लांब हाय," अमृत म्हणाले. "तवा काय घ्यायचं, काय न्हाई, ते मी ठरवीन. तू आधी बाराच्या आत पोच."

गाडी गेली, फुफाटा उरला. दिवाळीला ते सूप घेतील की नाही, हे अमृतच्या तोंडाकडं बघून रेश्माला कळेना, आणि बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते उठले, मातीत सांडलेले दाणे एकेक करून वेचायला लागले.

"आण्णा, राहू द्या, कोंबड्या खात्याल."

"वेचतो की. काम काय हाय मला."

गिरणीची पुकपुक ऐकू येत होती, म्हणजे लाईट अजून होती. सव्वानऊ झाले होते. रेश्मानं पोत्याची कड सरळ केली, सूप भरलं आणि वाऱ्याकडं पाठ करून पाखडायला बसली.