नितळ पाणी येईपर्यंत

कडकमामांच्या लाँड्रीत एकाही कपड्याला चिठ्ठी नसायची. बाकीचे लाँड्रीवाले कॉलरच्या आत नंबर घालतात, काजात रंगीत दोरा ओवतात. मामांना हा आपल्या डोक्याचा अपमान वाटे. "कपडा हातात घेतला की माणूस समोर उभा राहतो," असं ते म्हणत, आणि खरंच राहायचा. कुणाची कोपरं झिजतात, कुणाच्या खिशात पेन गळतं, कोण जेवताना डाव्या बाजूलाच सांडतो, सगळं तोंडपाठ. त्यांनी खळ लावलेला शर्ट खुर्चीत माणसाशिवायही ताठ बसे, म्हणून लोक त्यांना कडकमामा म्हणत. स्वभावही तसाच होता.

धुलाई बघणारा मेव्हणा अधूनमधून म्हणे, "दाजी, चिठ्ठ्या लावूया. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?" त्यावर मामा असे बघत, की बिचारा निमूटपणे पुन्हा साबणाच्या फेसात हात घाली.

पण हुशार माणसाला एखादं खूळ लागलं की ते साधंसुधं नसतं. त्या वर्षी उन्हाळा कडक होता. वाफेच्या इस्त्रीपाशी दिवसभर घाम गाळून मामा संडासात गेले आणि त्यांना दिसलं, की आपली लघवी पिवळी आहे. आता धुलाईवाल्याला पिवळं पाणी दिसलं तर काय वाटणार? मळ! आणि मळ असेल तर उपाय ठरलेला: नितळ पाणी येईपर्यंत खंगाळायचं. मामा पाण्याचा जग तोंडाला लावून स्वतःला खंगाळू लागले.

बरं, तेवढ्यावर थांबतील तर मामा कसले! वाळलेल्या बनियनवर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे उठलेले त्यांनी पाहिले आणि ताटातलं मीठही बंद केलं.

मामी वैतागून म्हणाल्या, "अहो, हे अळणी जेवण घशाखाली उतरतं तरी कसं?"

"मग काय डाग खाऊ?" मामा म्हणाले. मामींनी कपाळाला हात लावला.

आठवड्याभरात मामा संडासातून बाहेर येऊन भर दुकानात जाहीर करू लागले, "नितळ! एकदम नितळ!" गिऱ्हाईकं आपापल्या कपड्यांकडे संशयाने बघत. मग मामांचं डोकं ठणकू लागलं, मळमळू लागलं. मामांनी निदान केलं, की जुना मळ सुटतोय, आणि आणखी एक जग रिचवला. असल्या शहाण्याला सांगायचं तरी कुणी?

एका सकाळी दुकानात रणधुमाळी माजली. वकीलबाईंनी न्यायाधीशांसमोर पिशवी उघडली, तर काळ्या कोटाऐवजी व्यायामशाळेच्या मास्तरांची लाल चड्डी निघाली होती. मास्तर कोट घालूनच आले होते, कारण घाईत चढवलेला तो कोट दंडात अडकून बसला होता. "मामा, आधी मला यातून काढा!" ते ओरडत होते. हसू दाबताना मेव्हण्याचा जीव जायची वेळ आली.

मामा मात्र हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी टेबलावरचा एक शर्ट उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि हळूच विचारलं, "हा... कुणाचा?"

मामी धावत पुढे आल्या. मामांनी त्यांच्याकडे अनोळखी नजरेने बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमचे कपडे उद्या मिळतील."

मास्तरांनी कोटासकट मामांना उचललं आणि थेट दवाखान्यात नेलं.

रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांच्या रक्तातलं मीठ फार पातळ झालंय. घामातून गेलं, खाण्यातून आलं नाही, वरून पाण्याचा मारा. असं झालं की पाणी मेंदूत शिरतं, मेंदू सुजतो आणि माणूस भ्रमतो."

"ताळ्यावर येतील ना?" मामींनी विचारलं. दुकान गेलं तरी चालेल, पण हा माणूस आपल्याला 'बाई' म्हणत राहिला तर?

"येतील असं वाटतं. पण मीठ हळूहळू चढवायला हवं. घाई केली तर मेंदूला कायमची इजा होते."

"लोकरीच्या स्वेटरसारखं," मेव्हणा पुटपुटला. "घाई केली की आटलाच."

नर्सने मामांच्या मनगटावर नाव-नंबराची पट्टी बांधली, हाताला सलाईन लावलं आणि पाणी मोजून द्यायला सुरुवात केली. पहिल्या रात्री मामा फुलदाणीतलं पाणी पिताना पकडले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना त्यांच्या पांढऱ्या कोटाची इस्त्री किती भिकार आहे ते सुनावलं. मेव्हण्याला जरा धीर आला.

मामी दुकानात ओळख न पटलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. एकेक शर्ट पुढे धरत गेल्या. "पोस्टमन," मामा म्हणाले. "बेकरीवाला. हा त्याच्या सासऱ्याचा." सगळे बरोबर. गाठोडं संपलं तरी मामी तशाच उभ्या राहिल्या.

"जगाचे कपडे आणलेस," मामा कुरकुरले, "आणि नवऱ्याचा बनियन घरीच विसरलीस?"

मामींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते खारट होतं, त्यात मीठ कमी पडायची भीती नव्हती. मग त्या अशा संतापल्या, की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पांघरुणात शिरला. "रंगीत कपडा भिजवताना मूठभर मीठ का टाकता हो तुम्ही?"

"रंग जाऊ नये म्हणून."

"आणि स्वतःला नुसत्या पाण्यात घोळवत बसलात!"

मामा गप्प बसले. इतकी वर्षं संसार झाला, पण असं पहिल्यांदाच घडलं.

घरी सोडायच्या दिवशी दारावरची नर्स अडून बसली. "पट्टी कुठाय?" अपमान सहन न होऊन मामांनी ती दातांनी तोडून टाकली होती. "नंबर जुळवल्याशिवाय सोडता येत नाही. हे कुणाचे कोण, मी कसं ओळखायचं?"

मेव्हण्याने विजयी मुद्रेने दाजींकडे पाहिलं. मामांनी मान खाली घातली.

मामींनी पुढे होऊन मामांची उलटी झालेली कॉलर सरळ केली.

"यांना चिठ्ठी कशाला लागते?" त्या म्हणाल्या. "माझे आहेत."