चार मिनिटांचा फरक

रोज सकाळी तोंड धुण्याआधी आप्पा दोन्ही गाड्यांत पाणी घालायचे. आधी अॅम्बॅसेडर, मग फियाट. बॉनेट उचलायचे, रेडिएटरचं झाकण फिरवायचे, पत्र्याच्या डब्यातून सावकाश ओतायचे आणि बोट बुडवून पाहायचे. गाड्या महिनोन्‌महिने शेडबाहेर निघत नसत. पाणी कमी झालेलंच नसे. तरी डबा भरून यायचा.

आप्पा म्हणजे चुडामण पाटील, माझे वडील. धानोऱ्याचे. चाळीस वर्षं त्यांनी दीपचंद शेठच्या गाड्या चालवल्या. शेठ वारल्यावर दोन्ही गाड्या आमच्याच अंगणातल्या शेडमध्ये राहिल्या.

यातली चांगली कोणती, असं कुणी विचारलं की आप्पा म्हणायचे, "फियाट. अॅम्बॅसेडर म्हंजे म्हैस शे. चढ दिखना का बसी जास."

लोक हसायचे आणि लगेच गप्प व्हायचे, कारण सगळ्यांना माहीत होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या आईला, धनुबाईला, कळा लागल्या. शेठनी दोन्ही किल्ल्या पुढे केल्या. तिला आडवं होता यावं म्हणून आप्पांनी अॅम्बॅसेडर घेतली. चिंचपाड्याच्या अलीकडच्या चढावर इंजिन तापून गाडी बंद पडली. ती थंड होईपर्यंत पाऊण तास गेला. दवाखान्यात पोहोचल्यावर मी जन्मले. आई वाचली नाही.

सुंदरबाई आत्या अजून म्हणते, "फियाट लई जाता ना भाऊ, तं मन्ही वहिनी आज ऱ्हाती."

यंदाच्या मे महिन्यात शेठचा नातू मयंक आला. सुरतेचा एक शौकीन दोन्हींतली एक गाडी घेणार होता.

"चढावर कोणती चांगली चालते तेवढं चालवून सांगा, आप्पा," मयंक म्हणाला. "तुम्ही काय, फियाटवालेच!"

आप्पा हसले नाहीत. रस्ता त्यांनी चिंचपाड्याचाच निवडला. वेळही भर दुपारची. मला म्हणाले, "मांगे बस. घड्याय तुन्हाजोडे ठेव."

पहिल्या दिवशी अॅम्बॅसेडर. मी घड्याळ घेऊन मागच्या सीटवर एका कडेला बसले. आप्पा आरशात सारखे पाहत होते. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. खड्डा आला की गाडी इतकी हळू घ्यायचे, जणू तिथे कुणी निजलं होतं. एकदा पुटपुटले, "उनं, उनं, आतेच उनं." आलं, आत्ता आलंच, हे कुणाला सांगताय, असं मी विचारलं नाही. चढावर इंजिनचा आवाज जड झाला. गाडी थांबली नाही. दवाखान्याच्या फाटकापर्यंत अठ्ठावन्न मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फियाट. चढावर ती हलकी होती, वळणं पटपट घेत गेली. चौपन्न मिनिटं.

मी सांगितलं. आप्पांनी इंजिन बंद केलं, पण स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"चारच?"

"चारच, आप्पा."

फाटकातून एक बाई तान्हं मूल घेऊन बाहेर आली, रिक्षात बसली, रिक्षा गेली. मग ते म्हणाले, "गाडीना दोस नव्हता, दीपू. त्या दिन सकायले मी पानी टाकेल नव्हतं."

घरी आल्यावर त्यांनी मयंकला फोन केला. "दोन्ही चांगल्या शेतस," एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा जेवून खाटेवर आडवे झाले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

त्याच दिवशी सकाळी ते नेहमीसारखे शेडमध्ये गेले होते. बॉनेट उघडं आणि डबा हातात, तसेच उभे. मी जवळ गेले आणि डबा धरला. क्षणभर त्यांची मूठ सुटली नाही, मग सुटली. मी अॅम्बॅसेडरमध्ये पाणी ओतलं, बोट बुडवून पाहिलं. आप्पा मागच्या सीटच्या काचेवरची धूळ रुमालाने पुसत होते. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"झाकन नीट लावजो."