माझ्या नावावरची पिकअप

कंपनीचं पत्र आलं तेव्हा गाडी विकून मला पाच वर्षं झाली होती. लग्नकार्याला भांडी आणि खुर्च्या भाड्याने द्यायचा आमचा धंदा होता, त्यासाठी ती पिकअप माझ्या नावावर घेतली होती. नवरा गेला, मी धंदा बंद केला आणि गाडी काढून टाकली. तिची आठवण यावी असं तिने काही केलं नव्हतं. चढावर तापायची, दुसरा गिअर आपोआप निसटायचा, आणि क्लच कितीही वेळा बदलला तरी पुन्हा घसरायचा.

पत्र इंग्रजीत होतं. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून इकडे आलेला एक मुलगा भाड्याने राहतो, कंप्युटरवर काम करतो. त्याला दाखवलं.

"आजी, रिकॉल आहे. स्टिअरिंगकडून चाकाला जाणारा रॉड डिफेक्टिव्ह निघालाय. चालत्या गाडीत सुटू शकतो. कंपनी फ्री बदलून देतेय."

"चांगलं करते. मला कशाला सांगते? गाडी विकली मी."

त्याने मोबाईलमध्ये गाडीचा नंबर टाकला. "विकली असेल, पण अजून तुमच्याच नावावर आहे. ॲक्सिडेंट झाला तर पोलीस आधी तुमच्याकडे येणार."

म्हातारपणी घरी कोणी येत नाही अशी माझी काही तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवाजीनगरला गेले, पुण्याच्या नाही, आमच्या इथल्या. गाडी विकून देणारा एजंट तिथेच बसतो. नाव बदलून देतो म्हणून त्याने माझ्या पाच सह्या घेतल्या होत्या, आणि मीही त्या मन लावून केल्या होत्या. त्याने खण उघडला आणि तेच कागद काढून समोर ठेवले. एक घडीसुद्धा पडली नव्हती.

"बघा अक्का, किती जपून ठेवलेत."

"मी जपायला दिले होते का?"

"घेणारा म्हणाला, अक्काच्या नावावर आहे ना, असू दे. त्याला घाई नव्हती."

घेणारा शहराबाहेरच्या आनेकलचा होता. मी पत्ता घेतला, कागद पिशवीत टाकले आणि बस पकडली.

आनेकलला उतरून चहाच्या गाड्यावर त्याचं घर विचारलं. चहावाल्याने घर दाखवलं आणि वर माहितीही दिली. सकाळी तो फॅक्टरीतल्या बायका सोडतो, वीसेक असतात, मागे उभ्या. मग दुपारनंतर भाजी. तोपर्यंत मला फक्त पोलिसांची काळजी होती. आता त्या बायकांचीही वाटू लागली. आवडलं नाही, पण वाटू लागली.

तो पायरीवर बसून पाय चोळत होता. माझं नाव सांगताच उभा राहिला.

"गाडी नाही अम्मा. विकली."

घराच्या मागे ताडपत्रीखालून गाडीचं तोंड दिसत होतं. ताडपत्री आमचीच होती, तिला ठिगळ मी लावलं होतं. गाडी माझ्या नावावर म्हणून मी ती परत न्यायला आले, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"मला गाडी नको," मी म्हटलं. "दिलीस तरी नको. तिचा रॉड खराब आहे. कंपनी फुकट बदलते. पण नावावरचं माणूस समोर लागतं, त्याच्या फोनवर ओटीपीचा नंबर येतो. म्हणून आले."

"फुकट?" त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने मान हलवली, आणि ती नकाराची होती. "तुमच्या राजाजीनगरहून इथवर दोन बस बदलून कोणी फुकट द्यायला येतं का अम्मा? एकदा गाडी कंपनीच्या आत गेली की तुम्ही सोडणार नाही."

"स्टिअरिंग हलत नाही तुझं?"

"स्वल्प हलतं. जुनी गाडी आहे. गुडघे माझेही हलतात."

"तुझ्या गुडघ्यांवर वीस बायका उभ्या नसतात."

बायको हसली, पण ताडपत्री जागची हलली नाही. खरं सांगण्यात अर्धा तास गेला. शेवटी मी उठले.

"सरी, ठीक आहे. मी ठाण्यात जाते. सांगते, माझी गाडी चोरीला गेली होती, ती इथे सापडली."

दोन मिनिटांत ताडपत्री निघाली. त्याच्या बायकोने मला प्यायला पाणीसुद्धा दिलं.

कंपनीच्या वर्कशॉपपर्यंत मी त्याच्या शेजारी बसून गेले. गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग किती उजवीकडे धरायचं, हे तो मला कौतुकाने दाखवत होता. मी म्हटलं, दाखवू नकोस, धर.

मेकॅनिकने गाडी वर उचलली, रॉड हाताने धरून हलवला, आणि त्याचं एक टोक त्याच्या हातातच आलं. त्याने आणखी दोघांना बघायला बोलावलं.

"कुठून आलात?"

"आनेकलहून."

"चालवत?"

आमचा आनेकलचा माणूस एका टायरवर बसला. म्हणाला, "आज सकाळी बावीस जणी होत्या." मी पिशवीतले कागद काढले आणि त्याला सही करायला लावली.

नवीन रॉड बसला तसा त्याचा हिशेबही परत आला. तो हळूच मेकॅनिकजवळ गेला. "हा जुना मी नेऊ का? टोक जरा ठोकून घेतलं की कुणाच्या तरी गाडीला बसेल."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, लोखंड कापायची करवत आहे का. होती. मेकॅनिक जुना रॉड कापत असताना आमचा माणूस असा उभा होता, जणू मी त्याच्या घरातलं काहीतरी मोडतेय.

"अम्मा, चांगली वस्तू वाया घालवताय."

दोन तुकडे खाली पडेपर्यंत मी तिथून हलले नाही. मग गाडीत जाऊन बसले आणि त्याला म्हटलं, चल, मला बसस्टँडला सोड.