साडूंचं विमान

कपाटवाल्याचं कुणाशी फार काळ पटलंच नाही. लोखंडी कपाटं बनवण्याचा त्याचा कारखाना तसा छोटा, एका लांबट शेडमधला. त्या शेडमधून जितकी कपाटं बाहेर पडली, जवळजवळ तितकीच माणसं भांडून बाहेर पडली. पत्रा दोराभर वाकडा कापला तरी तो कामगाराच्या अंगावर धावून जायचा. बायको म्हणायची, "यांचा राग नाकावर नसतो, हातात असतो." आणि ते खरंच होतं. बोलायच्या आधी त्याचा हात चालायचा.

अशा माणसाला विमान बांधायची हौस कुठून आली, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नाही. गावाबाहेर गवताची एक धावपट्टी होती आणि तिच्या कडेला फ्लाइंग क्लबचा हँगर. तिथल्या ऑफिसात कपाटं बसवायला तो गेला, तेव्हा पेट्यांमधून सुटे भाग आणून घरी जोडलेलं एक दोन माणसांचं विमान त्याला दिसलं. तो त्याच्या पोटाखाली जाऊन पडला आणि पत्र्याचे रिव्हेट बघत बसला. कपाटं बसवायची राहून गेली. घरी येऊन बायकोला म्हणाला, "सगळा पत्राच आहे गं. पत्रा तर मला येतो."

पण पत्रा फक्त धडाला होता. पंखांचा सांगाडा हलका आणि त्याच्यावर कापड चढवायचं, गोंदाने चिकटवायचं, मग इस्त्री फिरवून ढोलासारखं ताणायचं. ते काम कोण करणार? धाकट्या मेहुणीचा नवरा सोफे आणि खुर्च्या मढवायचा. कापडाला तो हात लावायचा आणि कापड ऐकायचं. स्वभावाने शांत, पण ती शांतता गरीब नव्हती. एखादी गोष्ट त्याच्या मनाला लागली की ती तिथेच राहायची.

दोघा साडूंनी अर्धी अर्धी भागी केली. पेट्या आल्या. कपाटांच्या शेडमध्ये एका बाजूला धड उभं राहू लागलं, दुसऱ्या बाजूला पंख. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी संध्याकाळी डबे घेऊन यायच्या आणि स्वतःच्या नवऱ्यांना हसायच्या. त्या दिवसांत साडू एकाच डब्यात जेवायचे. सोफावाला त्याला "साडूभाऊ" म्हणायचा आणि हा त्याला "अरे" म्हणायचा.

बिनसलं ते उजव्या पंखावरून.

सोफावाल्याने उजवा पंख मढवून, ताणून तयार केला होता. सकाळी कपाटवाला आला, त्याने पंखावरून बोट फिरवलं. सांगाड्याच्या एका फासळीपाशी वीतभर जागी कापड सुटलेलं लागलं. तेवढं उचकटून पुन्हा चिकटवता आलं असतं. सोफावाला समोरच उभा होता, इस्त्री हातात घेऊन डाव्या पंखाला लागायच्या तयारीत. कपाटवाल्याने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. टेबलावरचा कटर घेतला आणि पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडला. कारखान्यातले सगळे बघत होते.

"हे असलं काम घेऊन मी वर जाणार नाही," तो म्हणाला.

सोफावाल्याने इस्त्रीचं बटण बंद केलं, ती गार व्हायला बाजूला उभी करून ठेवली. मग म्हणाला, "साडूभाऊ, तोंडाने सांगितलं असतंत तरी मला कळलं असतं."

एवढंच. त्याने पंख पुन्हा मढवला, पहिल्यापेक्षा सुरेख मढवला, पण त्यानंतर कपाटवाल्याशी तो बोलला नाही. कपाटवाल्याला वाटलं, राहील आठवडाभर गप्प. नंतर वाटलं, गेला उडत. आपण का म्हणून पहिल्यांदा बोलायचं? आपली चूक होती का? कापड सुटलं होतं की नव्हतं? हा प्रश्न तो स्वतःला इतक्यांदा विचारायचा की त्यावरूनच त्याच्या बायकोला काय ते कळायचं.

विमान मात्र तयार झालं. तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने पास केलं आणि ते क्लबच्या हँगरमध्ये उभं राहिलं. दोघं क्लबच्या एकाच गुरूकडे, पण वेगवेगळ्या दिवशी उडायला शिकले. पुढे आठवडे वाटून घेतले: एक याचा, एक त्याचा. निरोप बायकांमार्फत जायचे. "तुझ्या नवऱ्याला सांग, चाकात हवा कमी आहे." "तुझ्या नवऱ्याला सांग, हवा भरायचा पंप त्याच्याकडेच आहे." शेवटी थोरली वैतागली. "मी काय पोस्टमन आहे? बहिणीशी दोन शब्द बोलायला गेले तर चाक आणि ब्रेक!"

मग निरोपही बंद झाले आणि नुसत्या खोड्या उरल्या. सीटवरच्या गाद्या सोफावाल्याने शिवल्या होत्या. आपला आठवडा संपला की तो त्या काखोटीला मारून घरी न्यायचा, आणि कपाटवाला उघड्या पत्र्यावर बसून उडायचा. उतरला की कंबर धरून चालायचा. त्याने याचं उट्टं काढलं. विमानाच्या दोन्ही दारांना कपाटाची कुलपं बसवली आणि किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवल्या. पुढच्या आठवड्यात सोफावाला धावपट्टीवर आला, त्याने ती कुलपं बघितली आणि परत गेला. दुसऱ्या दिवशी दुकानातली दोन माणसं आणि ट्रॉली घेऊन आला, बोल्ट न् बोल्ट काढून दोन्ही पंख उतरवले आणि घेऊन गेला.

हँगरमध्ये नुसतं धड राहिलं. कपाटवाला ते बघायला गेला तेव्हा क्लबची माणसं तोंड वळवून हसली. त्याने चहाचा कप भिंतीवर फोडला आणि क्लबच्या सेक्रेटरीशीही भांडून घरी आला.

तशातच बराच काळ गेला. बहिणी एकमेकींना चोरून भेटू लागल्या, एखादं पाप केल्यासारख्या. थोरलीच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा साडू हॉलच्या दोन टोकांना बसले. शेवटी सेक्रेटरीने सांगून टाकलं की उडत नसेल तर जागा रिकामी करा. तेव्हा दोघी बहिणींनीच ठरवलं: विकून टाका एकदाचं ते लचांड. नवऱ्यांनीही माना हलवल्या, वेगवेगळ्या घरांत.

गिऱ्हाईक मिळालं. परगावचा, चष्म्याच्या दुकानाचा मालक. माणूस आडदांड, बायकोही तशीच. तो म्हणाला, "आम्ही दोघं बसणार. तर दोन माणसं बसवून उडवून दाखवा, मग बोलू." क्लबच्या गुरूला विचारलं तर त्याने हात जोडले. "ज्यांनी बांधलंय त्यांनीच बसा. तुमच्या दोघांच्या मध्ये मी नाही येत."

पंख परत आले. सोफावाल्याने ते बसवले, आणि त्याची पाठ वळताच कपाटवाल्याने प्रत्येक बोल्ट स्वतः तपासला. सोफावाला लांब उभा राहून ते बघत होता. मग तोही पुढे आला आणि कपाटवाल्याने बांधलेल्या ब्रेकच्या तारा ओढून ओढून पाहू लागला. प्रत्येकाने दुसऱ्याचं काम इतक्या बारकाईने तपासलं की इन्स्पेक्टरलाही लाजवलं असतं. टाकीच्या तळाचा छोटा नळ उघडून पेट्रोलमध्ये पाणी साचलंय का, एवढं मात्र कुणी पाहिलं नाही. इंजिन आणि टाकी कपाटवाल्याकडे होती. त्याचं सगळं लक्ष पंखांवर होतं.

दोघं आत बसले. ती जागा इतकी अरुंद की खांद्याला खांदा लागतो. इतक्या वर्षांत ते इतके जवळ आले नव्हते. कपाटवाल्याला त्याच्या अंगाचा गोंदाचा वास आला आणि त्याने मान खिडकीकडे फिरवली.

विमान छान उठलं. धावपट्टी संपली, खाली रस्ता गेला, आणि इंजिन खोकलं. एकदा, दोनदा, मग गप्प. समोर प्रोपेलर लाकडासारखा उभा राहिला. नुसता वाऱ्याचा आवाज.

कपाटवाल्याच्या डोक्यात एकच गोष्ट आली: मागे धावपट्टी आहे. मागे सगळे बघत उभे आहेत. त्याने हातातली विमान वळवायची दांडी डावीकडे खेचली. विमान तिरकं झालं आणि अंगातला जीव गेल्यासारखं सैल पडू लागलं.

"समोर! समोर घे!" सोफावाला ओरडला.

"मागे वळतोय—"

"वळू नकोस! मरशील! सोड, सोड तू!"

आणि त्याने आपल्या बाजूची, कपाटवाल्याच्या दांडीला जोडलेली दांडी दोन्ही हातांनी पुढे दाबली. कपाटवाल्याने ती ओढून धरायचा प्रयत्न केला, पण मढवणाऱ्याचे हात पत्रेवाल्याच्या हातांपेक्षा ताकदीचे निघाले. नाक खाली गेलं, पंख सरळ झाले, वेग आला. समोर कापणी झालेलं शेत होतं. चाकं ढेकळांवर आपटली, डावं चाक निखळलं, विमान गरकन फिरून नाकावर टेकलं आणि थांबलं.

धूळ बसली. दोघं आपापल्या दाराने बाहेर आले. दोघांनाही फारसं लागलं नव्हतं.

"दांडी का हिसकावलीस माझ्या हातातून?" कपाटवाला म्हणाला.

"विचारायला जिवंत आहात, म्हणून."

"मोडलंस! मी बांधलेलं मोडलंस!"

"टाकीतलं पाणी कुणी बघायचं होतं?"

कपाटवाल्याने त्याला ढकललं. सोफावाला पाठीवर पडला. उठला, शर्टाला चिकटलेली धसकटं एकेक करून काढली आणि शेतातून रस्त्याच्या दिशेने चालत निघून गेला. चष्मेवाला त्याआधीच गाडी वळवून गेला होता.

कपाटवाल्याने सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. आपण आरामात परत आणलं असतं, त्याने दांडी हिसकावली. कारखान्यात सांगितली, शेजाऱ्यांना सांगितली, क्लबमध्येही सांगितली. सेक्रेटरीने ती पूर्ण ऐकून घेतली. तो जुना उडणारा. म्हणाला, "इतक्या खालून मागे वळलेले मी दोघंतिघं पाहिलेत. त्यांच्याकडून अशी गोष्ट ऐकायला मिळाली नाही."

त्या दिवसानंतर कपाटवाला ती गोष्ट कमी सांगू लागला. पण राग कमी झाला नाही. उलट वाढला. गाद्या पळवणं, पंख नेणं, हे सगळं त्याला एक वेळ पोटात घालता आलं असतं. पण या माणसामुळे आपण सकाळी उठतो, चहा पितो, कामगारांवर ओरडतो, हे त्याला सहन होईना. आरशासमोर दाढी करताना तो आठवायचा आणि याचा हात थांबायचा.

थोड्या महिन्यांनी सासऱ्यांचं ऑपरेशन झालं. दोघा जावयांना दवाखान्यात जाणं भाग होतं. खाटेच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो, पायाशी दोघी बहिणी. सासरे अशक्त झाले होते, पण चौकशीची सवय गेली नव्हती.

"काय हो, ते विमान पडलं म्हणे. कोण चालवत होतं?"

थोरलीने नवऱ्याकडे न बघता चादर सारखी केली. सोफावाला खिडकीबाहेर बघत होता. तो सांगणार नाही, हे कपाटवाल्याला कळलं. तो कुणालाच काही बोलला नव्हता. हेच तर जास्त डाचत होतं.

"मी चालवत होतो," कपाटवाला म्हणाला. "उतरवलं त्याने. मी वळवत होतो. त्याने उतरवलं म्हणून आहे मी."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीला वाटलं, आता मिटलं सगळं, आता हे दोघं हात मिळवतील.

सोफावाला वळला. "हे सांगायला इतके महिने लागले?" तो म्हणाला. "गावभर काय सांगत होतात ते मी ऐकलंय. आणि पंख कुणाच्याही परवानगीशिवाय फाडला होता, ते कधी सांगणार?"

"कापड सुटलं होतं!"

"वीतभर!"

"वीतभर सुटलं तरी माणूस मरतो!"

"आणि टाकीत पाणी असलं तर?"

नर्स धावत आली आणि तिने दोन्ही जावयांना बाहेर काढलं. व्हरांड्यात ते तसेच भांडत राहिले, इतकं की खालच्या मजल्यावरचा वॉचमन वर आला. वर्षानुवर्षं साठलेलं सगळं तिथे बाहेर पडलं. गाद्या, कुलूप, पंप, लग्नात न केलेला नमस्कार. कपाटवाल्याचा हात एकदा उठला. पण मग त्याने तो खिशात घातला.

घरी जाताना थोरली म्हणाली, "निदान बोललात तरी."

"बोललो काय, शिव्या दिल्या," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात त्याने धड कारखान्यात आणून चाकाचा जोड नवा बनवला, नाकाचा पत्रा बदलला, टाकी उतरवून तीनतीनदा धुतली. शेतातून काढलेले पंख दुरुस्तीला सोफावाल्याकडेच होते. याने बायकोला निरोप द्यायला सांगितलं की पंख पाठव. उलट उत्तर आलं: पंख येणार नाहीत, विमान इकडे आणा. कपाटवाल्याने आधी कपाटाला लाथ मारली. मग ट्रॉली मागवली.

सोफ्यांच्या दुकानामागच्या अंगणात त्यांनी ते जोडलं. पंख एका माणसाला उचलवत नाही. एकाला बुंध्याशी धरावं लागतं, दुसऱ्याला टोकाशी. "वर घे." "घेतलंय." "अजून वर, दिसत नाही का?" "डोळे तुमचे गेलेत, माझे नाही." असं दुपारभर चाललं. मग ते धावपट्टीवर नेलं, आणि या वेळी उडायच्या आधी टाकीचा नळ दोघांनीही उघडून पाहिला, आधी एकाने आणि मग, अविश्वासाने, दुसऱ्याने.

ते एका विमानात पुन्हा कधी बसले नाहीत. आठवडे वाटून उडत राहिले. पुढे डॉक्टरी तपासणीत कपाटवाल्याचे डोळे खरंच नापास झाले आणि त्याचं उडणं बंद पडलं. त्याचे आठवडेही सोफावाल्याकडे गेले. लोकांना वाटलं, आता हा धावपट्टीकडे फिरकणारही नाही. पण तो दर रविवारी येतो. हँगरच्या सावलीत खुर्ची टाकून बसतो, आणि विमान उतरून जवळ आलं, इंजिन बंद झालं की बसल्या जागेवरून ओरडतो, "आपटलंस! किती आपटलंस! ते चाक मी केलंय, माहीत आहे ना?"

सोफावाला दार उघडून खाली उतरतो, हेल्मेट काढतो. "साडूभाऊ," तो म्हणतो, "दिसतंय का तुम्हाला तिथून काही? मग गप्प बसा."