साडेतीन तास आणि वर सहा मिनिटं

खोपटला डेपोमागे इंटरनेट कंपनीचं ऑफिस आहे. तिथला सेवा-प्रमुख सुधीर भोईर याला बंद पडलेली लाइन दुरुस्त करता येत नाही. नऊ वर्षांत ते शिकायची त्याला गरजच पडली नाही.

कंपनीचा करार तीन वर्षांचा. महिन्यात साडेनव्याण्णव टक्के वेळ लाइन चालू राहील, ही हमी. म्हणजे तीस दिवसांत तीन तास छत्तीस मिनिटं बंद चालते. त्यापुढे गेली की ग्राहक करार मोडायला मोकळा. बंदचं घड्याळ ग्राहकाला फोन लावल्यापासून सुरू होतं; पण ग्राहक फोनवर सापडला नाही, तर तो वेळ मोजत नाहीत. सुधीरने सगळी विद्या या एका कलमात ओतली होती. एक रिंग द्यायची, कापायची, ‘ग्राहक उपलब्ध नाही’ लिहायचं. एक्केचाळीस महिने त्याची हमी मोडली नव्हती. अजून एक महिना निभावला की कल्याणची मोठी खुर्ची पक्की.

नौपाड्याच्या एक्स-रे सेंटरचे या महिन्यात साडेतीन तास संपले होते. उरली सहा मिनिटं. आणि तिसाव्या दिवशी सकाळी लाइन पुन्हा गेली.

सुधीरने मान खाली ठेवूनच नंबर लावला. समोरच्या बाकावर एक बाई वीस मिनिटं बसून होत्या. बाकावरच्या माणसांकडे बघायची त्याची पद्धत नव्हती. पहिली रिंग बाकावरच वाजली, आणि त्याने कापायच्या आत उचलली गेली.

“हॅलो, नंदा बोलतेय. एक्स-रे सेंटर. उपलब्ध आहे.”

सुधीर सावरला. “ताई, तुम्ही इथे आहात, म्हणजे सेंटरवर नाही आहात.”

“सेंटरवर आमची मंदाकिनी आहे. दार उघडं आहे. माणूस पाठव.”

“माणूस चहाला गेलाय.”

“मग बसते. खुबा मोडलेले आजोबा तिथे झोपवून ठेवलेत, डॉक्टर डोंबिवलीत फोटोची वाट बघत होते. शेवटी माझ्या मोबाइलवरून पाठवला. तुझी लाइन कशाला हवी रे आम्हाला?”

फोन उचलला गेला होता. घड्याळ थांबवायला आता रकानाच नव्हता. स्क्रीनवर मिनिटं सरत होती. सुधीरने चहाला गेलेल्या माणसाला दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही.

सातव्या मिनिटाला नंदाताईंनी पिशवीतून करार मोडल्याचा अर्ज काढला. तो त्या घरूनच लिहून आल्या होत्या. सुधीरने शिक्का मारला आणि सवयीने विचारलं, “ताई, सेवेला पाचपैकी किती?”

त्या गेल्या तेव्हा अहवालात हमी मोडल्याचं कारण लिहायचं राहिलं होतं. त्याने बराच विचार केला आणि लिहिलं: ग्राहक अचानक उपलब्ध.