आखूड दांडीचा बेस

रंगमंचावर मी उजेडात असायचो. अंगात टिकल्यांचा कोट, हातात माइक, आणि पहिल्या रांगेकडे बघून एक वाक्य फेकलं की टाळी वसूल! माझ्या मागे, डाव्या हाताला, दिव्याच्या कडेबाहेर एक माणूस बेस गिटार घेऊन उभा असायचा. त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. पण मायबाप प्रेक्षकांचे पाय हलायचे ते त्याच्या हुकमावरून. बेसचा आवाज कानाला कमी आणि खुर्चीला जास्त कळतो.

आम्ही त्याला खर्ज्या म्हणायचो. वाद्य खर्जातलं आणि बोलणंही. त्याच्या शेजारी ड्रम वाजवायची त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी. "हे दोघं घरी भांडतात आणि इथे येऊन जुळवून घेतात," असं मी लोकांना सांगायचो. त्यावर वहिनी झांजेवर असा टोला हाणायची की हशा सगळा तिच्या पदरात.

कार्यक्रम केव्हाच थांबले. पण दर रविवारी आम्ही खर्ज्याच्या दुकानात जमतो आणि आमच्यासाठीच गातो-वाजवतो. दुकान जिन्याखालचं, बुटकं. भिंतीभर खुंट्यांवर बेस टांगलेले, टेबलावर तारांचा आवाज टिपणारे पिकअप, चाव्या, तारांची वेटोळी. खर्ज्याचा धंदा अदलाबदलीचा. जुना आणा, दुसरा न्या; नेण्याआधी तो तुमच्या हाताजोगा करून देणार. दांडीच्या पोटातली सळई पिळून बाक काढील, तारा खाली-वर करील, घुसमटलेला पिकअप बदलील.

दुकानाचा एक कायदा होता. गिऱ्हाइकाने एकटं यायचं नाही. बरोबरच्या माणसाने कोपऱ्यातल्या खुर्चीवर, तोंड भिंतीकडे करून बसायचं. गिऱ्हाईक एकामागून एक बेस वाजवणार, आणि भिंतीकडे बघणारा नुसतं 'पहिला' किंवा 'दुसरा' म्हणणार. "माणूस डोळ्यांनी निवडतो आणि कानांनी पस्तावतो," खर्ज्या म्हणायचा. एका दंतवैद्याला चकचकीत लाल बेस हवा होता. त्याच्या बायकोने भिंतीकडे बघत मळकट तपकिरी निवडला. दातांचा डॉक्टर दात-ओठ खातच तो घेऊन गेला, पण बदलायला काही परत आला नाही.

खर्ज्याचा स्वतःचा बेस वेगळ्या खुंटीला असायचा. काळा, जडशीळ, लांब दांडीचा. उजवा हात टेकतो तिथला रंग उडून लाकूड दिसू लागलेलं. आतलं सगळं त्याने बदललं होतं. लाकूड तेवढं मूळचं. "माझा आवाज ह्या लांबीत आहे," तो म्हणायचा. पण त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आखडत चालली होती. दांडी लांब, म्हणजे सुरांसाठी बोटं टेकवायचे पडदे दूर दूर. गाण्यांच्या मध्ये तो हात काखेत दाबून धरायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "थंडी आहे." उन्हाळ्यातसुद्धा.

मग एके दिवशी ड्रायव्हरबाई आल्या. शहराची बस चालवायच्या. ताडमाड उंच, हात लांबलचक. त्यांच्याकडे आखूड दांडीचा छोटा बेस होता.

"रंग आवडला म्हणून घेतला हो," त्या म्हणाल्या, "पण माझी बोटं एकमेकांच्या पायात पाय अडकून पडतात."

"खेळणं आहे ते," खर्ज्याने निकाल दिला. "दुसरा बघा."

त्या एकट्याच आलेल्या, म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर वहिनी बसली आणि बाईंनी भिंतीवरचे सगळे वाजवून पाहिले. एकही बसेना. शेवटी नजर काळ्यावर गेली.

"तो विकायचा नाही."

"दाखव तर," वहिनी म्हणाली. "बघितल्याने झिजतोय थोडाच!"

बाईंनी काळा मांडीवर घेतला आणि त्यांचा हात दांडीवर असा पसरला, जणू माप घेऊनच ती घडवली होती. खर्ज्या बघत राहिला. मग त्याने तो काढून घेतला. "हा गेला तर माझं वाजवणं संपलं," तो म्हणाला. नेहमीपेक्षाही खालच्या आवाजात.

"माझा इथेच ठेवते," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

धंद्याचा माणूस, हात स्वस्थ बसतात होय? 'कोणाला तरी देता येईल' म्हणून खर्ज्याने त्या खेळण्याला हात घातला. ढिल्या तारा काढून जाड, गुळगुळीत वेढ्याच्या चढवल्या. पिकअप बदलला. पट्ट्याची खुंटी सरकवून तोल सावरला.

रविवारी मी गेलो तेव्हा ड्रायव्हरबाईही आल्या होत्या. वहिनीने दोन खुर्च्या भिंतीकडे वळवल्या.

"भावजी, बसा. तुम्हीही बसा, बाई. आज गिऱ्हाईक हा आहे."

"मी कशाला गिऱ्हाईक?" खर्ज्या गुरगुरला.

"कायदा तुझाच ना? काळा वाजव, मग छोटा. मी ताल धरते."

"ऐकू दे त्यांना फरक," खर्ज्या म्हणाला. त्याला खात्री होती.

आम्ही भिंतीकडे बघत बसलो. माझ्या नाकासमोर पोपडा आलेला रंग. पहिल्यांदा गाणं झालं ते भारदस्त, संथ. दुसऱ्यांदा तेच गाणं उठून चालायला लागलं, आणि माझा म्हातारा गुडघा आपोआप हलू लागला.

"दुसरा," मी म्हणालो.

"दुसराच," बाई म्हणाल्या. "पहिल्यात गाडी दर स्टॉपला थांबत होती."

वळून बघितलं, तर खर्ज्याच्या गळ्यात खेळणं होतं आणि चेहरा उतरलेला. "थांबत होती? मी तर तालात होतो."

"होतास," वहिनी म्हणाली, "कारण तुझं बोट पडेपर्यंत मी काठी हवेत धरत होते. गेली दोनेक वर्षं धरतेय."

मी तर खुर्चीतच खचलो. गेली दोनेक वर्षं मी जगाला सांगत होतो, की वयानुसार माझ्या गाण्यात ठहराव आलाय!

"सांगितलं का नाहीस?" खर्ज्याने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू बेस खाली ठेवला असतास."

"मग आज का सांगतेस?"

"आज हातात दुसरा आहे ना."

खर्ज्याने आखडलेली बोटं छोट्या दांडीवर ठेवली. जवळजवळचे पडदे. एकेक बोट आपापल्या घरी पोचलं. तो पुन्हा तेच चार सूर वाजवून बघू लागला, स्वतःशीच, भिंतीकडे तोंड करून. पुरता ऐकून झाल्यावर त्याने काळा उचलला, बाईंच्या गळ्यात घातला आणि त्यांच्या उंचीला पट्टा वाढवायला घेतला.

"आतला पिकअप जरा तापट आहे," तो म्हणाला. "हळू हाताने घ्या. काही कुरकुर केली, तर घेऊन या."

"आणि नाही केली तर?"

"तरी आणा. रविवारी."

पुढच्या रविवारी आम्ही जुनंच गाणं घेतलं, जुन्याच लयीत, म्हणजे खरोखर जुन्या. दुसऱ्या कडव्याला माझा श्वास संपला.

"अरे, जरा हळू!" मी ओरडलो. "म्हाताऱ्याला मारता काय?"

खर्ज्या मान खाली घालून हसत होता. वहिनीने थांबवलं नाही, उलट झांजेवर एक टोला हाणला.

"आता धावा, भावजी," ती म्हणाली. "मी कोणासाठी थांबणार नाही."