थोरलीची भाजलेली वाळू

मिल चालू हाय तवर मागं भुश्याचा डोंगर वाढतच ऱ्हातो. आमच्या इंजिन शेडातल्या गोष्टींचं तसंच हाय. आमी शुगर फॅक्टरीत कामाला. साखरेनं भरलेले रेल्वेचे डबे फॅक्टरीतून ठेसनापतुर न्यायचे, एवढंच आमचं काम. रज्जाकभाई ड्रायव्हर, मी फिटर. मानसं दोनच, पन बायको म्हनती, "घरी तोंड उघडत न्हाई, अन् शेडात दिवसभर काय सांडता वो?"

सांडायला कारन हाय. आमचं इंजिन अमेरिकेचं. डिझेलचं, माझ्या बापाच्या वयाचं. म्हनून तिचं नाव थोरली.

* * *

थोरलीच्या अंगावर पितळी पाटी हाय, इंग्रजीत. मी शाळेचं तोंड बघितलं न्हाई, मला काय कळतंय? कांबळे मॅडम आमच्या लॅबमधी केमिस्ट. त्यांनी पाटीचा फोटो काढला अन् दुसऱ्या दिवशी चहाच्या टायमाला तिची सगळी कुंडली घेऊन आल्या.

"मिस्त्री, ही अमेरिकेतल्या फार मोठ्या रेल्वेची आहे. डोंगर फोडून रूळ टाकले त्यांनी. कोळसा वाहायचे. वाफेचं एकेक इंजिन असं, की आपल्या शेडात मावायचं नाही."

"कुठं हायत ती?"

"डिझेलची आली, तशी वाफेची कापली. भंगारात गेली."

"सगळी?"

"दोन-चार म्युझियमला ठेवली. आपली थोरली डिझेलची, म्हणून वाचली. पुढं विकली, ती बोटीनं इकडं आली."

"आन रेल्वे?"

"ती बुडाली. दुसऱ्या कंपनीनं गिळली."

रज्जाकभाईनं बशीतल्या चहावर फुंकर मारली. म्हनला, "थोरल्यांना कापलं. बुडनारच की."

* * *

हंगामात ऊसाच्या गाड्यांची रांग पार शेडापतुर येती. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली एक म्हातारी, तान्हाबाई, गाडीवरून उतरून थोरलीपाशी आली.

"कुठली रं ही?"

"अमेरिकेची."

"इतक्या लांबून कामाला आली?"

"व्हय."

"संगं गावचं कोन हाय का?"

"कोनी न्हाई."

म्हातारीनं थोरलीच्या पत्र्यावर हात फिरवला. म्हनली, "मग हिला शिळंपाकं देत जाऊ नका. आमाला म्हाईत हाय, परमुलखात कसं असतं ते."

त्या दिवशी मी थोरलीला नवं तेल पाजलं. जुनं अजून महिनाभर चाललं असतं.

* * *

आता वाळूचं सांगतो. लोखंडी चाक, लोखंडी रूळ. रूळ वले झाले की चाक जाग्यावरच फिरतं. म्हनून थोरलीला वाळूची पेटी हाय. ड्रायव्हरनं दांडा वढला की चाकाम्होरं बारीक धार पडती अन् चाक पकडतं. पन वाळू जरा जरी दमट असली तर नळीत गठुळं होतं. म्हनून मी नदीची वाळू आनायचो, दोनदा चाळायचो, अन् शेडाम्होरं चूल मांडून कढईत भाजायचो. पांढरी पडंपतुर.

चीफ इंजिनियर साहेब नवे आले हुते. पुन्याहून. त्यांनी मला उलथनं घेऊन बसलेला बघितला.

"काय भाजताय मिस्त्री?"

"वाळू."

"खायला?"

"मी जेवलोय. इंजिनाला."

साहेब हसले न्हाईत. बरूबरच्या क्लार्ककडं बघून म्हनले, "हे बंद झालं पाहिजे."

* * *

बंद करायला त्यांनी नवं मशीन आनलं. ट्रॅक्टरावानी, रबरी टायरचं, रुळावर बी चालतं अन् रस्त्यावर बी. आत एसी. आमी नाव ठेवलं धाकटी. अन् साहेब म्हनले, थोरली भंगारात.

माझं टाळकं फिरलं. हातात पाना हुता तो मी धाकटीच्या पायाशी आपटला अन् म्हनलो, "चिखलात घसरली की मला बोलवू नका." चार दिवसांनी मेमो आला. मी तो लॅबमधी नेला.

"मॅडम, काय लिवलंय?"

कांबळे मॅडम जरा अडखळल्या. "तुम्ही उद्धट आहात, असं लिहिलंय."

"मग बरूबर हाय. आंगठा कुठं द्यायचा?"

* * *

भंगारवाला पोपटशेठ सकाळीच टेम्पोत गॅस कटर घालून आला. मी शेडाच्या दारात आडवा बसलो. रज्जाकभाई बाजूला. त्यो नुसती थोरलीची काच पुसत हुता.

"मिस्त्री, मला कागुद दिलाय," पोपटशेठ म्हनला.

"मला वाचता येत न्हाई," मी म्हनलो.

तेवढ्यात तिकडं बोंब उठली. मळीच्या टाकीचा पाईप फुटला हुता. काळी चिकट मळी चढावरच्या रुळांवर पसरलेली, अन् बरूबर तिथंच धाकटी साखरेचे भरलेले डबे घेऊन अडकलेली. टायर गरागरा फिरायचे, डबे हलायचे न्हाईत. ठेसनात रेल्वेचं इंजिन डबे न्यायला येऊन हुबं. त्यो ड्रायव्हर म्हनतोय, अर्धा तास थांबतो, न्हाईतर मोकळाच जातो.

साहेब पळत शेडात आले. बुटाला मळी, अंगाला घाम. माझ्याकडं बघितलं, पोपटशेठकडं बघितलं.

"मिस्त्री, वाळू आहे का?"

"भाजलेली का बिनभाजलेली?"

साहेब म्हनले, "भाजलेली."

मी दारातून उठलो. पेटी भरलेलीच हुती. आदल्या दिवशीच भरली हुती, कापायचीच असंल तर उपाशी पोटी नको म्हनून. रज्जाकभाई वर चढला. थोरली दोनदा खोकली, तिसऱ्यांदा असा काळा धूर सोडला की पोपटशेठ टेम्पोमागं गेला. चढावर रज्जाकभाईनं दांडा वढला, पांढरी धार पडली. चाक एकदा सरकलं. मंग धरलं. अन् थोरलीनं डबे ढकलले, डब्यांम्होरं अडकलेली धाकटी बी ढकलली, एसीसकट. ऊसाच्या गाड्यांवरची मानसं हुबी ऱ्हाऊन शिट्ट्या मारत हुती. रज्जाकभाईनं भोंगा वाजवला त्यो ठेसनापतुर सोडलाच न्हाई.

पोपटशेठ रिकामा टेम्पो घेऊन माघारी गेला. जाताना म्हनला, "मिस्त्री, असलं कापलं असतं तर घरी भाकर गोड लागली नसती."

* * *

औंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. सकाळी मी शेडाकडं आलो, तर शेडाम्होरं धूर. मला वाटलं, रज्जाकभाईनं चहा ठेवलाय. जवळ गेलो.

चूल पेटलेली. कढई वर. साहेब इस्त्रीच्या पँटीत उकिडवे बसलेले, बाह्या सारलेल्या, हातात माझं उलथनं.

"पांढरी पडली की काढायची ना?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. कढईत वाकून बघितलं.

"अजून न्हाई. हात थांबवू नका साहेब, खाली लागंल."